प्रश्न विचारणारा बोर्ड

साखर पेठेतल्या त्या इमारतीवर एक निळा बोर्ड होता. त्यावर लिहिलं होतं, ‘कै. सिद्रामप्पा बिराजदार स्मृती प्रतिष्ठान संचलित रुग्णोपयोगी साधनसामग्री विनियोग व वितरण केंद्र, सोलापूर, नोंदणीकृत’. बोर्ड चांगला ऐसपैस होता, पण नाव त्याहून ऐसपैस असल्यामुळे शेवटचा ‘कृत’ शेजारच्या भिंतीवर रंगवावा लागला होता. सोलापूरकर एरवी कुठेही थांबून आत काय चाललंय ते बघतो. या बोर्डासमोर मात्र तो पाय उचलून पुढे जायचा. आत शिरलं की काहीतरी भरावं लागणार, पैसे नाहीतर निदान अर्ज तरी, अशी त्याची खात्री असायची.

आणि आत होतं काय? चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, डोकं वरखाली करता येणारे पलंग, कमोडच्या खुर्च्या. घरात आजारी माणूस असेल त्यानं फुकट न्यावं, गरज संपली की आणून द्यावं, इतका साधा हा मामला. पण न्यायला कुणी येतच नव्हतं, त्यामुळे सगळ्या वस्तूंवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. चिटणीस मुकुंदराव मंद्रूपकर रोज सकाळी कुलूप उघडून त्या प्लास्टिकवरची धूळ पुसत. वीज कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस, बसायला टेबल आणि पुसायला काहीतरी असलं की तो समाधानी असतो.

ते समाधान एका सकाळी मोडलं. एक तरुण आपल्या म्हाताऱ्या वडिलांना पाठुंगळी घेऊन केंद्रासमोरून दवाखान्याकडे चालला होता. घामानं निथळत होता. मुकुंदरावांच्या मागं चाकाच्या खुर्च्यांची रांग उभी होती. त्यांनी दारात येऊन हाक मारली, “अहो, थांबा! आत या!” त्या तरुणानं आधी बोर्डाकडे पाहिलं, मग मुकुंदरावांच्या चष्म्याकडे पाहिलं आणि तो वडिलांसकट पळत सुटला. मुकुंदरावांना फार वाईट वाटलं. इतकं, की त्या दिवशी त्यांनी धूळ पुसली नाही.

नेमकी त्याच आठवड्यात कार्यकारिणीची बैठक होती. अध्यक्ष गुरुशांतप्पा बिराजदार, म्हणजे सिद्रामप्पांचे चिरंजीव, खर्जातल्या आवाजात बोलायचे. समोर दोनच माणसं असली तरी ते मैदानात बोलल्यासारखंच बोलत.

“केंद्राला आता समाजाची गरज राहिली न्हाई,” ते म्हणाले. “म्हणजे समाजाला केंद्राची. वार्षिक सभेत ठराव करू आणि हितं एसीचं ध्यानमंदिर काढू.”

“गरज आहे,” मुकुंदराव म्हणाले. “लोकांना आपण कोण ते कळत नाही, एवढंच. तो बोर्ड वाचून माणसं पळतात. मी स्वतः पाहिलंय.”

“बोर्डावर माझ्या वडलांचं नाव हाय, मंद्रूपकर.”

“नाव राहू द्या. खाली माणसासारखं काहीतरी लिहू. कागदपत्रं मागायची नाहीत, जामीन मागायचे नाहीत. लोक येतील, नेतील आणि परत आणून देतील.”

“आणि न्हाई दिलं तर?”

मुकुंदरावांनी आयुष्यभर कुठल्याही कागदावर ‘विचाराधीन’ याहून ठाम शेरा मारला नव्हता. पण पाठुंगळीचा म्हातारा डोळ्यांपुढून हलत नव्हता. “वार्षिक सभेपर्यंत एकही वस्तू बुडाली तर केंद्र खुशाल बंद करा. माझा राजीनामाही घ्या,” असं ते बोलून बसले. अध्यक्षांनी हे वाक्य तिथल्या तिथे इतिवृत्तात घालायला सांगितलं. इतिवृत्त लिहिणारे मुकुंदरावच होते, त्यामुळे ते त्यांना स्वतःच्याच हातानं लिहावं लागलं.

घरी येऊन ते मजकूर लिहायला बसले. पहिला खर्डा असा उतरला: ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, ज्यांच्या कुटुंबातील सदस्य रुग्णावस्थेत असतील त्यांनी कार्यालयीन वेळेत समक्ष उपस्थित राहावे.’ त्यांच्या पत्नी लीलाताईंनी मेथी निवडता निवडता तो वाचला.

“हे वाचून धडधाकट माणूस अंथरूण धरेल,” त्या म्हणाल्या. “शेजारची वैनी दारात येऊन अवघडून उभी राहिली, तर तुम्ही काय म्हणता?”

“‘काय पाहिजे?’ म्हणतो.”

“तेच लिहा की. जरा गोड करून.”

गोड करणं हे मुकुंदरावांच्या खात्याचं काम कधीच नव्हतं. पण चार-पाच कागद फाडल्यावर जमलं: ‘घरात कुणी आजारी आहे का? आत या. चाकाची खुर्ची, वॉकर, पलंग, काय लागेल ते न्या. पैसे नकोत, कागद नकोत. बरं वाटलं की आणून द्या.’ लीलाताईंनी तो दोनदा वाचला आणि निवडलेल्या मेथीचे पराठे केले. मुकुंदराव याला मंजुरी समजले.

आता इथंच हे प्रकरण संपायला हवं होतं. पण सोलापुरात एखाद्यानं बोर्ड बदलायचं ठरवलं, तर तो एकट्यानं बदलण्याची सोय नाही. शेजारच्या मल्लेश टेलरनं पहिली हरकत घेतली. “काका, माज्याकडं गिऱ्हाईक लग्नाचा सूट शिवायला येतंय. दारात त्येनं ‘घरात कुणी आजारी आहे का’ वाचायचं? ‘घरात सगळे मजेत ना?’ असं लिवा की.” निवृत्त शिक्षिका वैदेहीबाईंनी मजकूर वृत्तात बसवून द्यायचं मनावर घेतलं. पलंग बसला, खुर्ची बसली, वॉकर काही केल्या बसेना, तेव्हा त्यांनी केंद्रानं वॉकर ठेवूच नयेत असं सुचवलं. इसूफ पेंटरला मजकूर एकदम पसंत पडला, पण खाली गुलाबाचं फूल काढल्याशिवाय तो ब्रश उचलायला तयार होईना. “गुलाब के बगैर मय्यत का बोर्ड दिखता, साब. एक गुलाब टाकतो. तुमी नको म्हनू नका.” मुकुंदरावांनी बाकी सगळ्यांना नकार दिला आणि गुलाबापुढे शरणागती पत्करली.

मग परवाना. बोर्डांना परवानगी देणाऱ्या कार्यालयात मुकुंदराव गेले, तेव्हा टेबलाच्या त्या बाजूला एक डोळे अर्धे मिटलेला कारकून होता. टेबलाची ही बाजू मुकुंदरावांना नवीन होती. इकडची खुर्ची जास्त टोचते, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

“बोर्डाचा प्रकार?” कारकुनानं विचारलं. “व्यापारी, धार्मिक, राजकीय?”

“आजारी लोकांसाठी आहे.”

“म्हंजे वैद्यकीय. डॉक्टरचं पत्र आणा.”

“डॉक्टर नाहीत आमच्याकडे. खुर्च्या आहेत.”

“मग फर्निचर. म्हंजे व्यापारी.” कारकुनानं मजकूर वाचला आणि त्याचे डोळे पूर्ण उघडले. “ह्ये काय? तुमी बोर्डावर प्रश्न विचारलाय. उत्तराची जबाबदारी कुणाची?”

“वाचणाऱ्याची.”

“तसं लेखी द्या.”

“देतो. कुणाच्या सहीनं?”

“वाचणाऱ्याच्या.”

मुकुंदरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चौकातल्या वाढदिवसांच्या फ्लेक्सना कुणाची सही लागते, असं त्यांनी विचारलं. कारकून म्हणाला, ते आम्ही लावत न्हाई, ते उगवतंय. मग त्याला बहुधा या म्हाताऱ्याची दया आली असावी. “काका, भित्तीला ठोकलं की परवाना लागतोय. चाकावर असंल तर आमचा संबंध न्हाई. हातगाडीवाले बघा की.”

मुकुंदराव जिन्यावरच थांबले. चाकं म्हणाल तर त्यांच्याकडे रांगेनं उभी होती.

दरम्यान अध्यक्षांनी आपले जावई अनीश यांना पुण्याहून बोलावून घेतलं. अनीश संस्थांना त्यांची ओळख करून देण्याचं काम करत, म्हणजे संस्थेला स्वतःची ओळख नसते असं त्यांचं मत होतं. त्यांनी पडद्यावर दोन हात, एक उगवता सूर्य आणि त्याखाली घोषवाक्य दाखवलं: ‘सक्षमतेकडे एक पाऊल’. ज्यांना एकही पाऊल टाकता येत नाही अशांसाठी ते केंद्र होतं, पण ही शंका मुकुंदरावांशिवाय कुणाला आली नाही. माहितीपत्रकावर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एक गोऱ्यापान आजी हिरवळीवर खदखदा हसत होत्या.

“या कोण?” मुकुंदरावांनी विचारलं. “आपल्या दुधनी गावच्या तर वाटत नाहीत.”

“काका, लोकांशी इमोशनल कनेक्ट पाहिजे.”

“लोकांना पलंग पाहिजे,” मुकुंदराव म्हणाले आणि बैठकीतून उठून आले. असं उठून येण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ, त्यामुळे ते चष्मा तिथंच विसरले आणि तो आणायला त्यांना परत आत जावं लागलं. बाणेदारपणाचा सराव नसला की असं होतं.

दुसऱ्या दिवशी इसूफनं फळीवर मजकूर रंगवला, गुलाब काढला आणि ती फळी एका चाकाच्या खुर्चीच्या पाठीला बांधून खुर्ची दारात लावली. साखर पेठेतल्या त्या गल्लीला उतार आहे. खुर्चीनं जरा विचार केला आणि ती निघाली. मल्लेशच्या दुकानाबाहेर नवरदेवाचा सूट घातलेला पुतळा उभा होता, त्याला मांडीवर घेऊनच ती थांबली. मल्लेशनं शकुनाचा विषय पुन्हा काढला. खुर्चीवर वजन पाहिजे आणि ब्रेकवर हात पाहिजे, असं ठरलं. वजन म्हणून हाताशी फक्त मुकुंदराव होते. ते बसले.

फळी होती खुर्चीच्या मागं. म्हणजे समोरून येणाऱ्याला बोर्ड दिसत नव्हता, फक्त चाकाच्या खुर्चीत ताठ बसलेले मुकुंदराव मंद्रूपकर दिसत होते. ही चूक त्यांच्या लक्षात येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं आणि मंद्रूपकरांना अर्धांगवायू झाल्याची बातमी थेट टेंभुर्णीला पोचली होती.

आपल्याकडे माणूस मेला तर चार माणसं सवडीनं येतील, पण आजारी पडला की समाचाराला झाडून सगळे येतात. लीलाताईंच्या दारात चपलांचा ढीग पडला. वीज कार्यालयातले जुने सहकारी आले, त्यांतले दोघे मुकुंदरावांशी कित्येक वर्षं बोलत नव्हते, ते तर शहाळी घेऊन आले. टेंभुर्णीची मावशी एसटीतून उतरली ती रडतच, आणि पेशंट घरी नाही म्हटल्यावर केंद्रावर येऊन धडकली. लीलाताई तिच्या मागोमाग.

“तोंड वाकडं झालंय गं,” मावशी मुकुंदरावांना निरखत म्हणाली.

“ते पहिल्यापासून तसंच आहे,” लीलाताई म्हणाल्या. दिवसभर चहा करून त्या कावल्या होत्या.

“मला काहीही झालेलं नाही!” मुकुंदराव खुर्चीतून उठले. ते उठल्याबरोबर खुर्ची पुतळ्याकडे निघाली, म्हणून त्यांना घाईनं परत बसावं लागलं. बघणाऱ्यांनी हळहळून माना हलवल्या. उठायचा प्रयत्न करतोय बिचारा, पण पायांत बळ नाही.

अपमान म्हणावा तर मोठाच होता. पण समाचाराला आलेला माणूस खुर्चीला वळसा घालून मागं जायचा, फळी वाचायचा, आत डोकवायचा आणि म्हणायचा, “आमच्या सासऱ्यांना असलंच पाहिजे की! फुकट? कागद न्हाई?” आठवड्याभरात तिघं कुबड्या घेऊन गेले, दोन पलंग हलले, आणि मावशी जाताना स्वतःच्या गुडघ्यांसाठी वॉकर घेऊन टेंभुर्णीला गेली. मग मुकुंदरावांनी खुलासा करणं सोडून दिलं. कुणी विचारलं, “आता कसं वाटतंय?” की ते मान ताठ ठेवून “मागं वाचा” एवढंच म्हणायचे.

काशम्मा आली ती अशाच गर्दीत. जवळच्या कुंभारी गावची, विड्या वळणारी बाई. पण ती समाचाराला आली नव्हती. सगळे पुरुष पांगेपर्यंत ती भिंतीशी उभी राहिली, मग आत येऊन पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, “सासूला एक खुर्ची पायजे होती.”

“कसली? चाकाची?”

“चाकाची न्हाई.” ती खाली बघायला लागली. “ती... मधी भांडं असतंय, तसली. परसाकडं नेतो आमी उचलून. तिला लाज वाटतीय, आन् माजी पाठ गेलीय. आता ती जेवतच न्हाई. खाल्लं की जायला लागतंय म्हनून.”

 अध्यक्षांनी आदल्याच दिवशी जामिनांचे छापील अर्ज पाठवले होते, दोन ओळखीच्या माणसांच्या सह्या घेऊनच वस्तू द्या, असा निरोपही होता. ते अर्ज टेबलावरच होते. मुकुंदरावांनी त्यांच्यावर समाचाराला आलेलं शहाळं ठेवलं आणि कमोडची खुर्ची स्वतः पुसून रिक्षापर्यंत नेऊन दिली. मल्लेश बघत होता, बघेना का.

गुरुशांतप्पांना हे कळलं तेव्हा ते फोनवर बराच वेळ खर्जात हसले. “कुंभारीत कुठं? नंबर? पत्ता? काहीच न्हाई? गेली म्हणायची की वो, मंद्रूपकर. आता शब्द आठवतोय न्हवं?”

शब्द मुकुंदरावांना झोपेतही आठवत होता. सभा जवळ आली तशा बाकीच्या गरज संपलेल्या वस्तू येत गेल्या. एक कुबडी तर अक्कलकोटहून कुणाच्या तरी टेम्पोत एकटीच आली. उरलेले लोक फोन करून अजून थोडे दिवस लागतील असं सांगत होते. काशम्माचा मात्र काही निरोप नव्हता. लीलाताई म्हणाल्या, कुंभारीला जाऊन बघून या. मुकुंदराव म्हणाले, “नाही जाणार. दारात जाऊन खुर्ची मागितली, तर बोर्डावर लिहिलं ते खोटं ठरतं.” बोलले ठणकावून, पण त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली.

सभेला पांढरा टेबलक्लॉथ होता. अनीशनी पडदा लावला होता, गोऱ्या आजी त्यावर हसत होत्या. गुरुशांतप्पा नवा झब्बा घालून आले होते. पहिला ठराव केंद्र बंद करून ध्यानमंदिर काढण्याचा, दुसरा चिटणीसांचा राजीनामा स्वीकारण्याचा.

“एक कमोडची खुर्ची बुडाली, हे चिटणीसांना मान्य हाय?” अध्यक्षांनी विचारलं.

“आली नाही हे मान्य आहे,” मुकुंदराव उठून म्हणाले. “बुडाली हे मान्य नाही. आणि अध्यक्षमहाराज, बुडाली असली तरी मला तिचं दुःख नाही. प्लास्टिकात पडून राहण्यापेक्षा कुंभारीत बुडालेली बरी. हे इतिवृत्तात लिहा. मी लिहिणार नाही, दुसरं कुणीतरी लिहा.”

 त्याच वेळी बाहेर रिक्षा थांबली.

काशम्मा दारात आली ती खुर्ची डोक्यावर घेऊन. चपला बाहेर काढल्या, आत आली, आणि कुठं ठेवायची ते न कळल्यामुळे तिनं खुर्ची थेट अध्यक्षांच्या टेबलासमोर ठेवली. राखेनं घासून घासून तिनं भांडं असं लखलखीत केलं होतं की त्यात छतावरचा पंखा दिसत होता. भांड्यात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं.

“हे काय हाय?” गुरुशांतप्पांनी आपली खुर्ची मागं सरकवली.

“शेंगाची चटनी,” काशम्मा म्हणाली. “उखळात कुटलीया.”

“त्या भांड्यात?”

“मग रिकामं आनू व्हय? शेजारघरचं भांडं परत देताना रिकामं देतेत का कुटं?” तिनं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. “उशीर झाला. सासू गेली. दिवस घालून झाल्याबिगर कशी येऊ? तुमी लिवलंय, बरं वाटलं की आनून द्या. बरं न्हाई वाटलं तिला. पर शेवटपातूर कुनाच्या हातावर गेली न्हाई. पोटभर जेवली. लई समाधानानं गेली.”

 अनीश मोबाइल घेऊन पुढे सरसावले. “मॅडम, ब्यूटिफुल! हीच आपली स्टोरी. जरा खुर्चीशेजारी उभ्या राहता? भांडं हातात धरून?”

“मोबाइल खाली ठेवा,” मुकुंदराव म्हणाले.

“काका, हे लोकांपर्यंत पोचलं तर...”

“खाली ठेवा म्हणतो ना! त्या दुःखात आहेत, आणि आपलं भांडं आणून द्यायला आल्यात. भांडं द्यायला आलेल्या माणसाचा फोटो काढतात का तुमच्या पुण्यात?” मुकुंदरावांनी आवाज खाली येऊ दिला नाही. मग ते पुढे झाले, भांड्यातलं गाठोडं उचललं, सोडलं, चिमूटभर चटणी सगळ्यांसमोर तोंडात टाकली आणि गाठोडं अध्यक्षांपुढे धरलं. “घ्या. आधी हे खा आणि मग काय तो ठराव मांडा.”

गुरुशांतप्पांनी गाठोड्याकडे पाहिलं, त्याखालच्या भांड्याकडे पाहिलं, मग काशम्माकडे पाहिलं. ती उभीच होती. बाईनं घरी कुटून आणलेली चटणी समोर आली असता नको म्हणण्याची छाती त्यांच्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याही घरात भांडं कधी रिकामं परत गेलं नव्हतं. त्यांनी चिमूट उचलली. चटणी झणझणीत होती. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते चटणीचं होतं की आणखी कशाचं, हे इतिवृत्तात आलेलं नाही.

तेवढ्यात दारात एक माणूस घुटमळला. सभा बघून तो बिचकला आणि मागं फिरायला लागला. “चालू द्या, चालू द्या. आईसाठी पलंग मिळतो म्हनले हितं. उद्या येतो.”

सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. पहिला ठराव समोर होता, सूचक आणि अनुमोदक तयार होते. गुरुशांतप्पांनी चटणी गिळली. बोलायला तोंड उघडलं आणि खर्जातला आवाज काही निघाला नाही. निघाला तो अगदी साधा, घरातला.

“उद्या कशाला? या की आत,” ते म्हणाले. “काय झालंय वो आईला?”

तो माणूस सांगायला लागला. कागदावरचा ठराव टेबलावर तसाच राहिला. काशम्मा भिंतीशी टेकून बसली, लीलाताईंनी तिला पाणी दिलं. पलंग लोखंडी होता, भलता जड. त्याचं एक टोक मुकुंदरावांनी धरलं आणि दुसरं, नव्या झब्ब्याच्या बाह्या वर सारून, अध्यक्षांनी.